पान एकतीस

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

फोनचं आता पुरे. काल हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहून मी अर्धा तास ओरडत होते, तिकडून तुम्ही नुसतं "हो हो" करत होतात, आणि शेवटी आईनं फोन घेऊन सांगितलं, "त्याह्यले काहीच ऐकू नाही आलं." फाउंड्रीत साचे फोडायच्या मशीनजवळ बावीस वर्षं काढल्यावर कान असेच होणार. म्हणून आजपासून पत्र. आणि मराठीतच, ही तुमची अट मान्य. माझी शाळा आणि कॉलेज हिंदीत झालं, मराठी फक्त घरात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवू नका, एवढीच विनंती.

तर मी इथे करते काय, ते सांगते.

हिवाळ्यात आई पायाचं सूप करते, ते सकाळी थिजून बसतं आणि चुलीवर ठेवलं की पुन्हा पातळ होतं. हाडातल्या जिलेटिनचा तो गुण. माझं जेल याच्या उलट वागतं. थंड असताना पाण्यासारखं, आणि बत्तीस अंशांच्या वर गेलं की अर्ध्या मिनिटात घट्ट. आपली कातडी असते तेहतीस-चौतीस अंशांवर. म्हणजे अंगावर ओतलं की तिथल्या तिथे त्याची पट्टी होते. काढताना ओढायचं नाही, वर थंड पाणी टाकायचं. पट्टी पातळ होऊन वाहून जाते.

त्यात दोन वस्तू आहेत. एक नैसर्गिक, झिंग्याच्या कवचातून काढलेली. शरीराला तिचं वावडं नसतं, पण बत्तीस अंश म्हणजे काय ते तिला कळत नाही. दुसरी कारखान्यात घडवलेली, लांब साखळीसारखी. बत्तीस झाले की ती पाणी सोडून आक्रसते, पण एकटी असली तर कमजोर. दोघींची गाठ मारली की एकीचा स्वभाव आणि दुसरीचा हिशेबीपणा एकत्र येतो.

हे मी का निवडलं, ते तुम्हाला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते. तुमच्या हातावर उकळतं लोखंड उडालं होतं आणि दर दोन दिवसांनी कंपाउंडर जखमेला चिकटलेला गॉज ओढून काढायचा. मी दारात उभी असायचे. तुम्ही म्हणायचात, "नाही दुखत, बाई. थोडे केस गेले फक्त."

१४ जूनला समिती माझं काम पाहणार आहे. त्यांना पटलं तर पीएच.डी.ची जागा, नाही तर एम.एस्सी.ची डिग्री घेऊन मी परत येईन. गल्लीत "पोरगी डॉक्टर होऊन राहिली" असं सांगणं तोवर थांबवा.

तुमची
उत्कर्षा

*

भिलाई-३
२० फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,

तुयं पत्र भेटलं. एकदा मी वाचलं, एकदा तुया मायले वाचून दाखवलं अन् एकदा कारखान्यात केवलरामले. मी जसा बोलतो तसंच लिहितो, तुया पुन्यातल्या मैत्रिणीयले दाखवू नको.

माय म्हनते, बाप्पा, जिंदगीभर झिंगे निवडले अन् कवच कचऱ्यात टाकलं, आपल्याले कोन सांगते त्यात औषध हाय म्हनून!

तू जे दोन वस्तूचं लिहिलं ते मले एका फटक्यात समजलं. आमच्या मोल्डिंगमधी बी दोनी असते. जुन्या वाळूत शिरा टाकत होतो, म्हंजे उसाची मळी. तो गरीब, पन कमजोर. मंग रेझिन आलं, कारखान्यातलं. ते पकडलं का हातोड्यानंच सुटते. तू अन् मी एकच काम करून राहिलो म्हन ना. फरक इतकाच का तुया साच्यात मानूस हाय.

आता एक गोष्ट. केवलरामच्या डाव्या हातावर मागच्या हप्त्यात लोखंड उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत. दवाखान्यात पट्टी बदलाले मीच त्याले स्कूटरवर नेतो. तो मोठा गडी, पन पट्टी निघते तवा माया खांदा असा दाबते का निशान पडते. मी त्याले म्हनलं, थांब, माया पोरीनं औषध काढलं हाय. तो म्हने, "नोनी ला बोल, जल्दी भेजय." तुले अजून नोनी, लहान पोरच, म्हनते. तं पाठवून दे एक बाटली.

अन् गल्लीले सांगनं मी बंद नाई करत. बाजूच्या भय्याजीनं त्याच्या पोराची नोकरी दोन वर्स सांगतली. मी तुयी चार महिने बी नाई सांगाची कावून?

तुया बाप
गुलाबराव

*

पुणे
२ मार्च २०२५

बाबा,

केवलरामकाकांचं वाचून जीव कळवळला. तरीही नाही. अजिबात नाही.

हे अजून औषध नाही. जखमेवर लावायच्या आधी पेशींवर तपासतात, मग प्राण्यांवर, मग परवानग्या, मग माणसं. वर्षं जातात. कारखान्यातली ती साखळी ज्या कच्च्या मालापासून बनते तो विषारी असतो. बनल्यावर त्याचा अंश राहू नये म्हणून मी जेल चार दिवस पाण्यात धुते, रोज दोनदा पाणी बदलून. तेवढं करूनही मी ते कुणाच्या उघड्या जखमेवर लावू देणार नाही, ते काका असले तरी. काकांना सांगा, नोनीवर रागावलात तरी चालेल, पण डॉक्टर सांगतात तीच पट्टी.

एक करता येईल. धड, न फाटलेल्या कातडीवर लावून पाहायला शिल्पा मॅडमनी संस्थेची परवानगी काढली आहे. त्या माझ्या मार्गदर्शक. मे महिन्यात आपला धाकटा प्रवीण परीक्षेला इकडे येतोय, त्याच्याबरोबर थर्मासमध्ये बर्फात ठेवून एक छोटी बाटली पाठवते. तुमच्या उजव्या हातावर लावा, पाच मिनिटं ठेवा, मग थंड पाण्यानं काढा. बाटली खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका. कसं झालं ते लिहा.

उत्कर्षा

*

भिलाई-३
१९ मे २०२५

चि. उत्कर्षा,

प्रवीण सुखरूप पोचला. काल इतवारी गल्लीतले सारे बलावले होते. भय्याजी, त्याची घरवाली, केवलराम, तीन-चार आनखी. तुया मायनं चिवडा केला होता.

तुयं औषध एकदम फर्स्टक्लास झालं. सारे पाहातच राहिले. तू मन लावून अभ्यास कर, चिंता करू नको.

तब्येत सांभाळ. पुन्यात बी ऊन असनच.

गुलाबराव

*

पुणे
२६ मे २०२५

बाबा,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझी खोलीतली मैत्रीण ईरा म्हणाली, "चार ओळींचं पत्र आहे, आणि तू ते जपमाळेसारखं ओढतेयस."

एक सांगायचं राहिलं होतं. मला आधी सांगायचं नव्हतं, नाही तर तुम्हाला दडपण आलं असतं. इथे प्रयोगशाळेत बाराही महिने एसी चालतो, पंचवीस अंश. समितीतला कुणी ना कुणी विचारणारच, की बाई, बाहेरच्या जगात हे चालतं का? आता माझ्याकडे उत्तर आहे. त्या दिवशीचं शेजारच्या दुर्गचं तापमान मी पाहिलं, बेचाळीस. आणि लिहिलं: "भिलाई येथे बेचाळीस अंश तापमानात, घरगुती परिस्थितीत, नमुना त्वचेवर समाधानकारकरीत्या बसला व थंड पाण्याने निघाला." पान एकतीस. शेवटच्या दिवशी जोडलं. मॅडम दौऱ्यावर होत्या, त्यांनी आधीची तीस पानं पाहून सही केलीच होती. शनिवारी प्रती समितीकडे गेल्या.

माझ्या अहवालात आपलं गाव आहे, बाबा. तुमचा हात आहे. आपल्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, पण त्या पानावर मी एकटी नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

उत्कर्षा

*

भिलाई-३
१ जून २०२५

उत्कर्षा,

ते पान काढून टाक.

तुयी माय म्हनते फोन कर. म्या म्हनलं, लिहून केलेली चूक लिहूनच खोडाव लागते. प्रवीणले स्पीड पोस्टनं पाठवाले सांगतलं हाय.

आता जसं झालं तसं लिहितो. प्रवीण शुक्रवारी आला तवा बाटलीतलं पान्यासारखं होतं, मी हालवून पाह्यलं. फ्रिजमधी ठेवाले गेलो तं तुयी माय आडवी झाली. तूच लिहिलं होतं, खान्याच्या वस्तूजवळ नाई. बरोबरच होतं तिचं. मंग मी बाटली समोरच्या खोलीत फळीवर ठेवली, तुया डिग्रीच्या फोटोपाशी.

इतवारी सारे जमले. मी बाही वर केली, दोन शब्द बी बोललो. म्हनलं, पाहा, आता हे पान्यासारखं पडन अन् पट्टी बनन. बाटली उलटी केली. काहीच नाई पडलं. झटकली. नाई. काडी घालून पाह्यलं तं आत पांढराफट गोळा. भय्याजी म्हने, "गुलाबराव, पोरीनं पुन्याहून दही पाठवलं काय? विरजन कोनाचं होतं?" सारे हासले. केवलराम नाई हासला. तो आपल्या पट्टीच्या हाताकडे पाहात होता.

लोक गेल्यावर मी विचार केला, हे तुले लिहिलं तं पोट्टी तिकडं एकटी रडन. परीक्षा डोक्यावर. म्हनून फर्स्टक्लास लिहिलं. तुले काय करनं होतं खरं जानून, असं मले वाटलं. तू ते कागदावर चढवशीन हे माया सपन्यात बी नव्हतं.

तुयं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर नाई गेलो. पन त्याच्या आधीच मी एक काम चालू केलं होतं, ते सांगतो. कारखान्यात रेझिनच्या वाळूत हार्डनर टाकतो ना, तो डिसेंबरात जास्त अन् मे-जूनमधी कमी. नाई तं साचा भराच्या आधीच वाळू पकडते. नवा पोऱ्या आला का त्याले पयले हेच शिकवतो, मौसम पाहून माल बनव. तं मले वाटलं, तुया औषधाले बी आमच्या मेनं बाटलीतच पकडलं असन.

आंगनात नीमखाली जुना मटका होता. त्यात बाटली ठेवली, भोवती ओली वाळू, वरून ओलं पोतं. सकाळी पाह्यलं, पुन्हा पानी! वाळूत खुपसाचा थर्मामीटर मोठ्या साहेबाले मांगून घरी आनला. रजिस्टर घातलं. इथं उतरवतो.

२६ मे, दुपारी २.००. खोली ४१. मटका २६. बाटलीत पातळ. हातावर टाकलं, चाळीस गिनेपर्यंत पकडलं.
२७ मे, दुपारी २.१५. बाटली फळीवर ठेवली. वीस मिनटात पांढरी, घट्ट.
२८ मे, दुपारी ३.००. खोली ४२. मटका २७. हातावर पकडलं, पन किनारीनं सुटलं. घाम होता.
२९ मे, सकाळी ७.००. खोली ३१. पकडलं.

हे सारं खरं हाय. तुया मायची शपथ घालत नाई, ती म्हनते माई कावून, सोताची घाल.

भय्याजीसमोर लाज गेली त्याचं मले काही नाई. तुया पानावर माया खोटा शब्द गेला, त्याचं हाय.

गुलाबराव

*

पुणे
८ जून २०२५

बाबा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. आधी मी तुमच्यावर इतकी चिडले की जेवायला गेले नाही. मग संध्याकाळी पान एकतीस स्वतः वाचलं आणि चिडायचं कुणावर ते कळेना.

बत्तीस अंशांवर घट्ट होणारी वस्तू बेचाळीस अंशांच्या खोलीत बाटलीतून ओतली कशी? हे पहिलीतल्या पोरानं विचारावं. माझ्या हातानं मी "बत्तीस" लिहिलं, तीस पानांनंतर त्याच हातानं "बेचाळीस" लिहिलं, आणि दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पाहायचे नव्हते. तुम्ही चार ओळी लिहिल्यात, किती वाजता, किती अंश, किती वेळ, काही नव्हतं त्यात. दुसऱ्या कुणाचं असं टिपण आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. तुमचं होतं म्हणून छापलं. तुम्ही मला वाचवायला खोटं लिहिलंत आणि मी अभिमानापोटी ते खरं मानलं. निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. पण सही माझी होती.

काल मॅडमकडे गेले. दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल उघडून पान एकतीस वाचलं. मग म्हणाल्या, "मी ते पान न वाचता जाऊ दिलं, तो माझा भाग. पण १४ तारखेला उभं राहून सांगायचं तू. जागा जाऊ शकते, हे समजून सांग." मी हो म्हटलं.

मग तुमचं पत्र त्यांना दाखवलं. मटक्यापाशी त्या थांबल्या. रजिस्टरची प्रत मागितली. प्रवीणला सांगा, त्या पानांचे फोटो मला आजच पाठवायला.

आता तुमच्या मौसमाबद्दल. मी दोन दिवस त्यावर डोकं घालून बसले आहे. तुमचं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही. हिवाळ्यात तुमच्याकडे हात इतके गार पडतात की बत्तीसचं जेल पकडणारच नाही. तिथे तुमची युक्ती चालते. मी थोडं मीठ वाढवलं की बत्तीसचे एकोणतीस होतात. पण उन्हाळ्यात कुठलाही हार्डनर कामाचा नाही. खोली एक्केचाळीस आणि कातडी पस्तीस, तर बाटलीत पातळ राहून अंगावर घट्ट होईल अशी कृती जगात कुणालाच करता येणार नाही. तिथे उपाय एकच, बाटली गार ठेवणं. म्हणजे तुमचा मटका. आणि ज्या पाण्यानं पट्टी काढायची तेही गारच हवं. आपल्याकडे दवाखान्यात लाइट जाते, फ्रिज बंद पडतो. मटका कशानं बंद पडणार?

मी कितीतरी महिने एसीत बसून हे शोधू शकले नाही. मला शोधायचं आहे हेच माहीत नव्हतं.

रजिस्टर बंद करू नका. आणि बाबा, यापुढे मला खरं लिहा. मी रडले तर रडेन. ईरा आहे इथे, रुमाल आहेत.

उत्कर्षा

*

पुणे
१६ जून २०२५

बाबा,

झालं. जागा मिळाली नाही. गेलीही नाही. नीट सांगते.

पाच जण होते. मी सुरुवातच पान एकतीसपासून केली. म्हटलं, हे पान खोटं आहे, मी खात्री न करता लिहिलं, कृपया काढून टाका, आणि त्याजागी हे वाचा. तुमच्या रजिस्टरची पानं पडद्यावर दाखवली. तुमचं अक्षर तीन फूट उंच दिसत होतं. "किनारीनं सुटलं. घाम होता." एक सर हसले. मला वाटलं आता संपलं.

दुसऱ्या सरांनी विचारलं, "ही मोजमापं कोणी घेतली?"

"माझ्या वडिलांनी."

"ते काय करतात?"

"फाउंड्रीत मोल्डर आहेत."

"शिक्षण?"

"आठवी. मराठी शाळा, साकोली."

माझे कान तापले होते, पण लाजेनं नाही. मी पुढे म्हणाले, "सर, वाळू मुठीत दाबून त्यात पाणी किती आहे ते ते सांगतात. त्यांचा अंदाज चुकला तर साचा फुटतो, म्हणून ते चुकत नाहीत." हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

त्यांनी मला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं. मग सांगितलं: खोटं पान जोडलं म्हणून यंदा नोंदणी नाही. ते स्वतःहून सांगितलं म्हणून दार बंद नाही. सहा महिने मुदत. पावसाळा आणि हिवाळा, दोन्ही मौसमांत भिलाईतच मोजमाप, तारीख-वेळेसकट. जानेवारीत पुन्हा यायचं.

म्हणजे आता तुम्ही माझे सहकारी आहात. संस्थेकडून थर्मामीटर येईल, तुमच्या नावानं. दर महिन्याला बाटली येईल. ओतून पाहा, आणि जे होईल ते लिहा.

उत्कर्षा

*

भिलाई-३
२९ डिसेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

सहा महिन्याचं रजिस्टर आज पोस्टात टाकलं. एकशे बारा नोंदी. पावसाळ्यात मटका उनतीसच्या खाली जाईच ना, हवाच ओली, पोतं वाळतच नव्हतं. पन तुया बत्तीसच्या खाली राहिला, म्हनून निभलं.

डिसेंबरात तुयी मीठवाली बाटली अन् जुनी बाटली, दोनी पाह्यल्या. जुनी बारा दिवसात एक बी सकाळ पकडली नाई. मीठवाली पकडली, एक सकाळ सोडून. ती नोंद तुले आवडनार नाई. मी दोन दिवस विचार केला ती लिहू का नाई. तुया मायनं रजिस्टर हातातून घेतलं अन् म्हने, "लिहा. नाई तं मीच लिहीन." लिहिली.

काल इतवारी मी पुन्हा सारे बलावले. माय नको म्हने, चिवडा बी करीना. भय्याजी आला तोच म्हने, "आज दही का ताक?" म्या बाही वर केली अन् मटक्यातून मीठवाली बाटली काढली. पान्यासारखं पडलं. भय्याजीनं आपल्या तोंडानंच गिनती केली. तीसवर पकडलं. त्यानं बोट लावून पाह्यलं, नखानं टोचून पाह्यलं. मंग वरून मटक्याचं पानी टाकलं, अन् गेलं ना वाहून! भय्याजी म्हने, "माया हातावर टाका बरं." त्याच्या हातावर टाकलं. मंग त्याच्या घरवालीच्या. माय उठून चिवडा कराले गेली.

केवलरामचा हात कवाच बरा झाला, कातडी तेवढी ताणलेली हाय. तो सर्वात मागं बसला होता. त्याच्या उजव्या हातावर टाकलं, पानी टाकून काढलं. त्यानं तो हात आपल्या डाव्या हाताशेजारी ठेवून पाह्यला. म्हने, "मोर बेरा मा ये कहाँ रिहिस, नोनी?" तू तिथं नव्हती, तरी तुलेच विचारलं त्यानं, माया टायमाले हे कुठं होतं म्हनून.

मी त्याले सांगतलं, औषध व्हाले अजून वर्सं लागनार हाय. पाहा, तुया शब्द मी पाळतो.

गुलाबराव

*

पुणे
१२ जानेवारी २०२६

बाबा,

नोंदणी झाली. आज सकाळी अकरा वाजता. कागदावर माझं पूर्ण नाव आहे, उत्कर्षा गुलाबराव कापगते, आणि खाली संशोधनाचा विषय दोन ओळींचा. आईला तो पाठ होणार नाही, पण गल्लीला सांगायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे.

एकशे बारा नोंदींपैकी त्यांनी एकच मोठ्यानं वाचली. ज्या सरांनी जूनमध्ये तुमचं शिक्षण विचारलं होतं, त्यांनीच. "१८ डिसेंबर, सकाळी ६.१०. आंगन ११. हात बर्फासारखा. मीठवाली बी नाई पकडली. दोनदा पाह्यलं." वाचून त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "ही ओळ आहे म्हणून मी बाकीच्या एकशे अकरा मानतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होते, कारण डोळे भरले होते आणि मला सगळ्यांसमोर रुमाल काढायचा नव्हता.

पहिला शोधनिबंध आम्ही पुढच्या महिन्यात पाठवू. शेवटी आभार असतात. त्यात तुमचं नाव लिहिते म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "आभारात कशाला? मोजमाप त्यांचं आहे. वर लिही, आपल्या नावांच्या ओळीत." तर तुमचं नाव माझ्या नावाच्या शेजारी छापलं जाईल, बाबा. आडनाव एकच असल्यानं लोकांना वाटेल दोघं शास्त्रज्ञ भाऊ-बहीण आहेत.

आता एक जुनी गोष्ट. तुमच्या रजिस्टरमध्ये एक नोंद नाही. चौदा वर्षांपूर्वीची. मी दारात उभी असायचे आणि कंपाउंडर गॉज ओढायचा. तुम्ही दर वेळी म्हणायचात, नाही दुखत.

खरं लिहा.

उत्कर्षा

*

भिलाई-३
२१ जानेवारी २०२६

चि. उत्कर्षा,

पत्र भेटलं. गल्लीत वाचून झालं, कारखान्यात वाचून झालं. मोठ्या साहेबानं त्याचा फोटो काढून ऑफिसात लावला. भय्याजी आता सर्वायले सांगते का पयल्या दिवशी बी तो तिथं हजर होता. दह्याचं सोडून देते.

तू नोंद मांगतली, ती लिहितो.

सन २०११, पावसाळा. दर दोन दिवसांनी, सकाळी ९ च्या सुमारास. पट्टी काढाले वेळ, अंदाजे दहा मिनटं. दुखत होतं. खूप दुखत होतं. कातडी निघत होती गॉजसंग. तू दारात होती म्हनून नाई म्हनलं.

नोंद खरी. दोनदा पाह्यली.

गुलाबराव कापगते